नांदेडचा भाव

अवधूत सर बदली होऊन मुखेडला आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर बाजारात एका माणसाच्या अंगावर स्कूटर घातली. मुद्दाम नव्हे. समोर म्हैस आली, सरांनी म्हशीचा मान राखून हँडल वळवलं, आणि वळवलं त्या बाजूला पांढऱ्या सदऱ्यातला एक गृहस्थ उकिडवा बसून वांगी निवडत होता. आधी वांगी, मग गृहस्थ, मग स्कूटर असं सगळं ओळीनं आडवं झालं. गृहस्थाच्या घोट्यातून रक्त आलं. ते बघून सरांना घेरी आली आणि उरलेल्या वांग्यांवर ते जाऊन पडले.

पुढची हकिगत सरांना इतरांकडून कळली. ज्याचा घोटा फुटला होता त्यानंच सरांना बखोटीला धरून उभं केलं, स्कूटर वांगीवाल्याच्या हवाली केली आणि लंगडत लंगडत सरांना दवाखान्यात नेलं. सरांनी डोळे उघडले तेव्हा ते खाटेवर होते, हातात सरबताचा ग्लास होता, आणि पायाला पट्टी बांधलेला तो माणूस डॉक्टरांशी अगदी सावकाश बोलत होता.

"साहेब, एका फेरीत दोन पेशंट आणले तुमच्याकडं. एक फुटलेला, एक भ्यालेला. भ्यालेल्याचे कामून घेता पैसे? त्याला तुमी हातबी लावला न्हाई."

"सरबत दिलंय," डॉक्टर म्हणाले.

"मग सरबताचे घ्या की."

हे शेषेराव. मुखेडहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या कोळेवाडीचे. घरची जमीन, दोन विहिरी, सोयाबीन आणि तूर, एक मुलगी सुकन्या, ती धर्माबादला दिलेली. खाऊन-पिऊन सुखी. कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही. पण देवानं प्रत्येकाला एक नाद देऊन पाठवलेलं असतं. कुणाला भजनाचा, कुणाला पत्त्यांचा. शेषेरावांना दवाखान्याचा नाद होता. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या. ते स्वतः कधी शिंकलेले कुणाला आठवत नाही.

कोळेवाडीत कुणाच्या छातीत कळ आली, कुणाची सून अडली, कुणाच्या म्हाताऱ्याला लघवी होईना, की पहिला फोन शेषेरावांना जायचा. दुसरा गाडीवाल्याला. डॉक्टरचा नंबर त्यानंतर. शेषेराव खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा अंगात घालत, एक्स-रेची मोठी पिशवी काखेत मारत आणि पुढच्या सीटवर बसत. लातुरात हाडांचा कोण, डोळ्यांचा कोण, पोट कोण लगेच कापतो आणि कोण गोळीवर भागवतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. नांदेडची डॉक्टर लेन तर त्यांना गावच्या गल्लीसारखी. तिथले कंपाउंडर त्यांना रामराम घालत.

पण त्यांचं खरं कसब बिलाच्या टेबलापाशी दिसायचं. तिथं शेषेराव बसले, की गावची माणसं मागं कुस्तीला बसल्यासारखी गोल करून बसत. पहिला आकडा शेषेराव ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. कान खाजवायचे. छताकडे बघायचे. मग म्हणायचे, "साहेब, जरा बघा की." साहेबांनी जरा बघितलं, की शेषेराव अजून जरा बघायला सांगत. आणि साहेब अगदीच अडून बसले तर शेवटचा डाव. शेषेराव पिशवी उचलत, गुडघ्यावर हात टेकून हळूच उठत आणि दाराकडं तोंड करून म्हणत, "चला रे. नांदेडला नेऊ."

नांदेडचा भाव लातूरला सांगायचा आणि लातूरचा नांदेडला, हा त्यांचा मंत्र. बहुतेक वेळा दार गाठायच्या आत मागून हाक यायची. नाहीच आली, तर शेषेराव दारातून आपणहून परतत, "तेवढं पाणी पिऊन घेतो," म्हणत आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसत. ह्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. ह्या कामाचा त्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. परतताना गाडीत सगळे पेशंटला विसरून 'किती पाडले' त्याचीच चर्चा करत, आणि शेषेराव खिडकीबाहेर बघत गालात हसत.

ह्या कर्तबगारीचं कौतुक गावभर होतं. घरात मात्र नव्हतं, कारण घरात चतुराबाई होत्या.

चतुराबाईंच्या बोलण्याची सुरुवातच 'न्हाई'नं व्हायची. पाऊस झाला का, विचारलं तर, "न्हाई, नुसतं शिंतडलं." जेवण झालं का, तर, "न्हाई, दोन घास गिळले." नवऱ्यानं काहीही म्हटलं, तरी पहिलं न्हाई, मग कारण, मग टोमणा. "लगीन लागलं शेतकऱ्याशी आन् नांदून राहिले दवाखान्यात," त्या अवधूत सरांना सांगत. "गावात कुणाचं पोट दुखलं तर ह्यांना इथं बसून कळतं. घरची शेळी फुगून मेली, तवा हे नांदेडला कुणाच्या तरी मूतखड्याचा भाव करून राहिले होते."

"शेळीला कुठला डाक्टर?" शेषेराव म्हणायचे.

"न्हाई, तेबी बरंच. असता तर त्येच्याशीबी घासाघीस केली असती."

अवधूत सर घरी आले, की त्यांच्यापुढं चहाची बशी ठेवत त्या न चुकता विचारायच्या, "सर, म्हशीला लागलं तर न्हाई ना त्या दिवशी?" वर्षं गेली, सरांची पुढं लातूरला बदली झाली, तिथंच त्यांनी घर बांधलं, डोक्यावरचे केस गेले, पण म्हशीची चौकशी थांबली नाही. मग शेषेराव लातूरला येतील तेव्हा पेशंट आणि पेशंटची माणसं घेऊन सरांकडं जेवायला येऊ लागले. सरांच्या पत्नी प्रेमलाताई सकाळीच विचारत, "आज पोळ्या किती? हाड मोडलंय की पोट?" हाड असेल तर सोबत माणसं जास्त येतात, हा त्यांचा अनुभव होता.

तर असे सगळे दिवस चाललेले असताना, एका थंडीतल्या सकाळी, सोयाबीन विकून झालेलं आणि तूर अजून उभी असताना, शेषेरावांना अंगणात भाकरी करपल्याचा वास आला.

"अगं, जळून राहिली," त्यांनी बाहेरूनच आवाज दिला. "ध्यान कुठं हाय तुझं?"

आतून उत्तर आलं नाही.

दुसरा एखादा नवरा खुश झाला असता. शेषेरावांच्या हातातला तांब्या खाली पडला. उभ्या संसारात चतुराबाईंनी उलटं उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं. ते धावत आत गेले. चतुराबाई चुलीपुढं भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका अंगाला ओढलेलं. उजवा हात पिठाच्या परातीत तसाच पडलेला, जणू तो हात त्यांचा नव्हे, कुणीतरी परातीत ठेवून गेलंय. त्या नवऱ्याकडं बघत होत्या आणि ओठ हलवत होत्या. शब्द येत नव्हता.

शेजारच्या शांतम्मा धावत आल्या. देगलूरकडच्या बाई, मायाळू. त्यांनी पाण्याचा गडवा आणला. "अय्यो, वारं गेलं हो अण्णा. आमच्या माहेराकडं पाला देतात लकव्यावर. तिथं न्या, बोलणं येतंय."

"पाणी पाजू नका," शेषेराव म्हणाले. "ठसका लागंल." एवढंच. पाल्याचा विषय त्यांनी ऐकलासुद्धा नाही. गावात असले किती पेशंट त्यांनी पाहिले होते, आणि पाल्याच्या नादानं कितीजणांची वेळ गेली हेही पाहिलं होतं. त्यांनी फोन लावला तो पुतण्याला, वैजनाथला. त्याची जीप होती. पण वैजनाथचा फोन लागेना, कारण शांतम्माकडून बातमी ऐकून वैजनाथ त्याच वेळी, सवयीनं, शेषेरावांनाच फोन लावत होता. काकू पडली म्हणजे आधी काकाला सांगितलं पाहिजे, हे गावाच्या अंगवळणी पडलेलं.

जीप लातूरकडं निघाली. सदरा बदलायचं शेषेराव विसरले. वाटेतून त्यांनी अवधूत सरांना फोन केला. नेहमीसारखा 'सर, येऊन राहिलो पेशंट घेऊन' असा दमदार आवाज नव्हता.

"सर," ते म्हणाले, "आज पेशंट आमचा हाय."

सर आणि प्रेमलाताई जीपच्या आधी दवाखान्यात पोचले होते. नवा, मोठा दवाखाना, डोक्याच्या आजारांचा. चाकाची खुर्ची दारात तयार होती. डोक्याचा फोटो निघाला, रंगाचं औषध घालून नसांचाही निघाला. डॉक्टर मंजुश्री नावाच्या, वयानं लहान, बोलायला भरभर. त्यांनी येऊन पहिलं हेच सांगितलं, "बाबा, तुम्ही फार लवकर आणलंत. खेड्यातनं इतक्या लवकर आमच्याकडं कुणी येत नाही."

शेषेरावांनी सरांकडं बघितलं. एवढ्या घोरातही त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्यासारखं काहीतरी आलं.

"मोठ्या नसेत रक्ताची गुठळी अडकलीये," डॉक्टर सांगत होत्या. "पातळ करायचं इंजेक्शन दिलंय. पण गुठळी मोठी आहे, नुसत्या इंजेक्शननं विरघळेल याचा भरवसा नाही. जांघेतल्या नसेतून बारीक तार वर डोक्यापर्यंत नेतात आणि गुठळी ओढून बाहेर काढतात. ते आत्ता करावं लागेल."

"करा की मग," शेषेराव म्हणाले.

"खाली काउंटरवर खर्च सांगतील. सही करा आणि लगेच वर या. वेळ जातोय."

खाली काउंटरवर टाय लावलेला एक पोरगेला माणूस होता. त्यानं सांगितलेला आकडा पाच लाखांच्या वर होता. तार आणि तिच्या टोकाची जाळी एकदाच वापरायची, तिलाच निम्मा खर्च, असंही त्यानं समजावलं. सरकारी योजनेचं कार्ड ह्या दवाखान्यात ह्या कामाला चालत नव्हतं. तेही त्यानं आधीच सांगून टाकलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. पैसे होते. सोयाबीनचे बँकेत पडून होते, त्याच्याखाली जुनी ठेव होती, आणि कमी पडले असते तर अवधूत सर शेजारी उभे होते. पैशासाठी काही अडलं नव्हतं.

शेषेरावांनी आकडा ऐकला. काही बोलले नाहीत. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

सरांना तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. सकाळपासून भांबावलेला, परातीतल्या पिठानं माखलेल्या हातांचा हा माणूस आता पुन्हा ओळखीचा दिसायला लागला होता. शेषेरावांनी कान खाजवला. छताकडं बघितलं. "साहेब, जरा बघा की," ते म्हणाले.

"माझ्या हातात नाही, काका."

"ज्याच्या हातात हाय त्याला लावा की फोन. आमी ह्या लातुरात वीस वर्षं पेशंट आणून राहिलो."

"मोठे साहेब राउंडला आहेत."

"मग थांबतो."

जिना उतरून डॉक्टर मंजुश्री आल्या. "सही झाली का? वेळ जातोय, बाबा." आणि धावत परत वर गेल्या.

वेळ जातोय. हे वाक्य शेषेरावांनी वीस वर्षं ऐकलं होतं. हर्नियाला ऐकलं होतं, मोतीबिंदूला ऐकलं होतं, एकदा तर दाताला ऐकलं होतं. गिऱ्हाईक उठून जायला लागलं की दुकानदार 'शेवटचा एकच नग राहिलाय' म्हणतो, त्याच रांगेत त्यांनी हे वाक्य बसवून टाकलं होतं. ह्या वेळी ते खरं होतं. पण खरं वाक्य आणि खोटं वाक्य दिसायला सारखंच असतं.

काउंटरवरचा अडून बसला. शेषेराव उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळू. "चला सर," ते म्हणाले, "नांदेडला नेऊ."

दारापर्यंत गेले. मागून हाक आली नाही. तो पोरगा पगारी होता, त्याला हाक मारायचा अधिकारच नव्हता. शेषेराव परत आले, कूलरचं पाणी प्यायले आणि तिथूनच नांदेडच्या ओळखीच्या एका कंपाउंडरला फोन लावला. तिकडं ह्या कामाचे किती घेतात, त्यानं विचारून सांगतो म्हटलं. शेषेराव फोन कानाला लावून उभे. डॉक्टर मंजुश्री पुन्हा एकदा खाली येऊन तेच सांगून गेल्या. इकडं मोठ्या साहेबांचा राउंड संपला. काउंटरवरचा फोन वाजला, पोरानं हळू आवाजात काहीतरी विचारलं, आणि चाळीस हजार कमी झाले. शेषेरावांनी ते ऐकलं, आणि नांदेडचा फोन कानावर तसाच ठेवून डाव्या हातानं 'अजून जरा' अशी खूण केली.

तेवढ्यात प्रेमलाताई वरून आल्या. त्या चतुराबाईंच्या खाटेशी बसून होत्या. त्यांचा पदर चतुराबाईंनी डाव्या मुठीत घट्ट धरला होता, तो सोडवून आल्या होत्या.

"शेषेराव, सही करा."

"होतंच आलं वैनी. भाव येऊन राहिलाय खाली."

प्रेमलाताईंनी त्यांच्या कानाचा फोन काढून घेतला, काउंटरवरचं पेन उचललं आणि त्यांच्या बोटांत दिलं. "सही," त्या म्हणाल्या. वीस वर्षं पोळ्या वाढणाऱ्या बाईचा असा आवाज त्या दोघांनीही ऐकला नव्हता. शेषेरावांनी सही केली.

सगळं मिळून पाऊण तास गेला असेल. जिना चढताना शेषेराव सरांच्या कानात म्हणाले, "चाळीस पाडले." आणि सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

काम चांगलं झालं. दुपारी डॉक्टर मंजुश्रींनी बाहेर येऊन पांढऱ्या कापसावर काढलेली गुठळी दाखवली. तुरीच्या डाळीच्या दाण्याहून थोडी मोठी, काळपट. एवढ्याशा वस्तूनं एवढ्या बोलक्या बाईचं तोंड बंद केलं, ह्याचं वैजनाथला नवल वाटलं. त्यानं मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि गावाला पाठवला. गावात तो फोटो ह्या फोनवरून त्या फोनवर हिंडला. कोळेवाडीत डोक्यातली गुठळी काढलेला हा पहिलाच पेशंट, आणि तोही चाळीस कमी करून. दुसऱ्या दिवशी चौघंजण शेषेरावांना भेटायला आले ते जिंकून आलेल्या पैलवानाला भेटल्यासारखे.

चतुराबाईंनी डोळे उघडले. डावा हात उचलला, डावा पाय उचलला. उजवा पाय दोन दिवसांनी थोडा हलला. उजवा हात हलला नाही. सगळे बोलण्याची वाट बघत राहिले. येईल, येईल, म्हणत होते. घरी न्यायच्या आदल्या दिवशी शेषेरावांनी विचारलं, "वळखलं का मला?" आणि चतुराबाईंच्या तोंडून पहिला शब्द आला, होकाराचा.

"हाव."

खोलीत आनंद झाला. प्रेमलाताई रडल्या. शेषेरावांनी विचारलं, "भूक लागली का?" "हाव." "दुखतं का कुठं?" "हाव." मग वैजनाथ उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "काकू, मी वैजनाथ का शेजारचा सत्यम?" "हाव," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती आली. आपल्याला म्हणायचं होतं ते हे नाही, हे त्यांना कळत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रस्ता मोकळा झालाय, रक्त वाहतंय, पण मधल्या वेळात मेंदूचा जो भाग उपाशी राहिला तो परत येत नाही. शेजारचा भाग शिकून घेतो थोडं थोडं, कुणात किती ते सांगता येत नाही. वैजनाथला त्यातलं काही समजलं नाही. शेषेरावांनी जीपमध्ये त्याला मराठीतून मराठीत सांगितलं, "पाट मोकळा केला रे त्यांनी. पर शेवटचे वाफे आधीच वाळले होते."

त्यानंतर कोळेवाडीची एक सोय बंद झाली. शेषेराव कुणाबरोबर दवाखान्यात जाईनात. एकदा गावातला एकजण आईच्या ऑपरेशनला बोलवायला आला. "तुमी नुसतं बसा की टेबलापाशी," तो म्हणाला, "भाव तुमच्याशिवाय उतरत न्हाई." शेषेराव म्हणाले, "म्हणतील ते दे आन् आधी सही कर." तो माणूस नाराज होऊन गेला. लोक म्हणायला लागले, मोठ्या दवाखान्याचं तोंड बघून आल्यापासून शेषेरावांना गर्व झाला.

अवधूत सर मात्र झोप लागेना म्हणून एक दिवस उठून डॉक्टर मंजुश्रींकडं गेले. सरळ विचारलं. तो खालचा पाऊण तास गेला नसता तर?

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं. "तुम्हाला खरं हवंय की धीर?"

"दोन्ही सांगा," सर म्हणाले, "बघतो कुठलं घेता येतं."

"गुठळी काढूनही सगळे बरे होत नाहीत, सर. काहीजण आठवड्यात चालत घरी जातात. काहीजण अगदी वेळेत येऊन, वेळेत काम होऊनही असेच राहतात. त्यांचंही तसंच झालं असतं, असू शकतं." त्या पेनाशी खेळत होत्या. "पण लवकर ते लवकरच. त्या वेळात नेमकं काय गेलं ते मला काढून दाखवता येणार नाही. काहीच गेलं नाही, असं मी म्हणणार नाही. मी दोनदा खाली आले होते."

सरांनी ह्यातला पहिला निम्मा भाग उचलला आणि दुसरा तिथंच ठेवला. दुसऱ्या दिवशी ते मुखेडच्या एसटीत बसले. सोबत पहिलीच्या पोरांची चित्रांची अंकलिपी घेतली होती, चतुराबाईंना शब्द शिकवायला. आणि सगळ्या वाटेनं, पहिल्यांदा वर्गावर जाणाऱ्या मास्तरासारखे ते एकच वाक्य मनात घोकत होते. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. शाळेत पोरं लगेच पकडायची.

कोळेवाडीच्या घरात चूल पेटलेली होती आणि शेषेराव भाकरी थापत होते. चतुराबाई खांबाला टेकून बघत होत्या. सर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटली, ओठ हलले. सर वाट बघत उभे राहिले. म्हशीची चौकशी झाली नाही.

शेषेराव भाकरी थापत होते ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटलेली. पाणी फार झालं होतं. हे चतुराबाईंना खांबापासून दिसत होतं. त्यांची मान हलायला लागली, कपाळावर आठी चढली, सगळं अंग 'न्हाई' म्हणायला पुढं आलं. जन्मभराचा तो शब्द ओठापर्यंत आलेला सरांना स्पष्ट दिसला.

"हाव," त्या म्हणाल्या.

"बरी झाली म्हणतीस?" शेषेराव हसून म्हणाले.

"हाव. हाव. हाव." डाव्या हातानं त्यांनी जमिनीवर थापट मारली, आणि मग तोंड भिंतीकडं वळवलं.

जेवण झालं. सरांनी अंकलिपी काढली. अननसाचं चित्र दाखवलं. हाव. बदकाचं दाखवलं. हाव. शेषेरावांनी घरातल्याच वस्तू पुढं मांडल्या, चिमटा, लाटणं, सुपातली तूर, आणि एकेक उचलून नाव घेतलं, चुकलं-माकलं तरी चालंल म्हणाले. चतुराबाईंनी चिमटा डाव्या हातात घेतला, उलटासुलटा केला, ओळखला. नाव नव्हतं. मग धर्माबादहून सुकन्याचा फोन आला. पूर्वी हा फोन लांबच लांब चाले आणि त्यात जावयापासून विहिणीपर्यंत सगळ्यांची हजेरी होई. आता शेषेरावांनी तो बायकोच्या कानाला धरून ठेवला. पलीकडून पोरगी एकटीच बोलत होती, गोडधोड काय केलं, नातू काय म्हणाला, आणि इकडून हाव, हाव असं येत होतं. शेवटी पोरीनं विचारलं असावं, आई, मी येऊ का गं? चतुराबाईंनी फोनकडं बघितलं, आणि ह्या वेळचा 'हाव' मात्र बरोबर जागी पडला. शेषेरावांनी तोंड दुसरीकडं केलं.

चतुराबाई दुपारी झोपल्या. दोघं बाहेर पायरीवर येऊन बसले. समोर तुरीचं शेत वाऱ्यानं हलत होतं. शेषेराव बोटांना चिकटलेलं सुकलं पीठ सोलून काढत होते. सरांनी घसा साफ केला. एसटीत घोकलेलं वाक्य जागेवर होतं.

"शेषेराव, एक सांगायचं राहून गेलं. मी परवा डॉक्टरीणबाईंना भेटलो. मुद्दाम भेटलो, आणि स्पष्टच विचारलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी खाली जो वेळ गेला, त्यानं काही फरक पडला नाही. अगदी लगेच केलं असतं तरी एवढंच झालं असतं, म्हणाल्या. तेव्हा तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका."

शेषेरावांनी अंगठ्यावरचं शेवटचं पीठ सोललं. सरांकडं बघितलं नाही.

"मीबी विचारलंय, सर."